तुतारीवाला कुठे गेला?

१

आमच्या ह्यांना कुठेही न्या, त्यांची नजर आधी लोकांच्या कॉलरवर जाते. छत्तीस वर्षं लाँड्री चालवली. माणसाचं नाव विसरतील, पण त्याच्या शर्टावर कसला डाग होता ते विसरणार नाहीत. दुकान मुलाच्या हाती देऊन दोन वर्षं झाली, तरी जित्याची खोड काही जात नाही. मी त्यांना सहलीला नेते ते थोडं जग बघावं म्हणून, आणि हे जगाचे डाग बघून येतात.

त्या दिवशी सकाळी नऊच्या लाँचनं आम्ही बेटावर उतरलो. बेट एवढंसं. धक्का, दहा-बारा घरं, चढाची फरसबंद वाट आणि वर ते तीनशे वर्षांचं चर्च. बाहेरून पाहाल तर पांढऱ्या भिंती आणि दोन मनोरे, बस्स. आत पाऊल टाकलं आणि माझे डोळेच दिपले. पिळाचे खांब, खांबांवर सोनेरी द्राक्षवेली, छतावर रंगवलेले ढग आणि त्या ढगांतून वाकून आमच्याकडे बघणारी माणसं. कुठे बोटभर जागा मोकळी सोडलेली नव्हती.

"याला बरोक शैली म्हणतात," गाइड सांगत होता. त्याचा आवाज छतापर्यंत जाऊन परत येत होता आणि ते त्याला फार आवडत होतं. "रिकामी भिंत दिसली की सोनं लावा, असा खाक्या!"

माझ्या नणंदेच्या शोकेसचाही तोच खाक्या आहे, पण ते मी मनातच ठेवलं.

"कांजी जास्त झालीय," हे माझ्या कानाशी पुटपुटले. वेदीवरचं पांढरं कापड निरखत होते.

"अहो, मान वर करा जरा. कापडं घरी पण आहेत."

"आता वेदीच्या दोन्ही बाजूंना बघा," गाइडनं हात पसरले. "या बेटाची शान! आतून लाकूड, वरून अस्सल सोन्याचा वर्ख. उजवीकडे मशाल घेतलेला देवदूत. आणि डावीकडे गाल फुगवून तुतारी फुंकणारा..."

त्याचा हात हवेतच राहिला. उजव्या खांबावर, दोन माणसांच्या उंचीवर, वर्षाच्या पोराएवढा गुबगुबीत देवदूत मशाल धरून उभा होता. डाव्या खांबावर नुसती लोखंडी खुंटी होती.

पुढच्या बाकावरून एक बाई ताडकन उठल्या. त्या आमच्याच लाँचनं आल्या होत्या. मांडीवर फाइल, ओठ मिटलेले, वाटभर कोणाशी चकार शब्द नाही. आता कळलं, चर्चच्या ट्रस्टनं त्यांना तपासणीला पाठवलं होतं.

"देवदूत गेला!" त्या ओरडल्या. "राखणदार कुठे आहे? राखणदार!"

बाजूच्या दारातून एक म्हातारा लगबगीनं आला. पायऱ्या उतरताना पाय चाचपून टाकत होता. "आलो, बाई. काय झालं?"

"देवदूत चोरीला गेलाय. किल्ल्या कोणाकडे असतात?"

म्हाताऱ्याचा हात कमरेच्या जुडग्यावर गेला. "माझ्याकडेच. चाळीस वर्षं झाली. दुसरा जुडगा नाही."

बाईंनी कुलूप पाहिलं, खिडक्या पाहिल्या. काही फुटलेलं नव्हतं. त्यांनी फोन लावला, मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. "दोन वाजता पोलिसांची लाँच येतेय. तोपर्यंत बेटावरून कोणी हलायचं नाही. आणि काका, तोपर्यंत देवदूत मिळाला नाही, तर जुडगा माझ्याकडे द्यायचा आणि मागच्या दोन खोल्या आजच रिकाम्या करायच्या."

मागच्या दोन खोल्या म्हणजे त्यांचं घर. दारात एक म्हातारी उभी होती, काकांची बायको. ती हळूच चौकटीला टेकली आणि तिथेच उंबऱ्यावर बसली.

मला इतकं वाईट वाटलं की मी ह्यांचा दंड धरायला गेले. पण हे जाग्यावर होतेच कुठे! डाव्या खांबाशी गुडघे टेकून फरशी बघत होते.

"अगं," ते म्हणाले, "चोर कधी पाणी घेऊन येतो का?"

२

फरशीवर थेंबांचे वाळलेले ठसे होते. प्रत्येक ठशाला पांढरट कड, चुन्याची असावी तशी. शिडीच्या पायांच्या दोन खुणाही होत्या.

"तुम्ही कोण? पोलीस?" तपासणीच्या बाईंनी दरडावलं.

"नाही. लाँड्रीवाला."

बाईंनी ह्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "कशाला हात लावू नका," एवढं म्हणून त्या गाइडला आणि दोन प्रवाशांना घेऊन काकांच्या खोल्या धुंडाळायला गेल्या. दोन पलंग, एक कपाट, स्वयंपाकाची भांडी, एवढाच त्यांचा पसारा. काही मिळालं नाही.

ह्यांनी गाइडला बाहेर पायरीवर गाठलं. काल संध्याकाळी तो एक खोकं खांद्यावर टाकून घरी गेला होता, असं लाँचवाला सांगत होता.

"पोस्टकार्डं होती हो!" गाइड काकुळतीला आला. "दमट हवेनं चिकटली सगळी. घरी पंख्याखाली पसरून ठेवलीत, चला दाखवतो. आणि साहेब, देवदूत मी चोरला तर उद्या लोकांना दाखवू काय? माझं पोट त्या दोघांवर चालतं."

"बाहीवर शाई लागलीय तुमच्या. ओल्या छपाईचीच आहे," हे म्हणाले आणि त्याला सोडून दिलं. गाइड बिचारा बाही बघत राहिला.

वेदीमागच्या खोलीत वर्खाचं काम करणारी एक मुलगी होती, सत्तावीस-अठ्ठावीसची. चर्चमधल्या मोडक्या चौकटी, हात तुटलेले संत, सगळं दुरुस्तीला तिच्याकडे यायचं. भिंतीशी तपकिरी कागदात बांधलेली पुडकी ओळीनं ठेवलेली, प्रत्येकावर चिठ्ठी. एकच गाठोडं तेवढं पांढऱ्या चादरीत होतं. खोली कोंदट होती आणि उकडलेल्या कातड्यासारखा वास येत होता.

"सरसाचा वास आहे," ती म्हणाली. "लाकडावर आधी खडूची भुकटी आणि सरस. त्यावर तांबड्या मातीचा हात. मग सोन्याचा वर्ख. वर्ख इतका पातळ की नुसता श्वास सोडला तरी उडून जातो."

"सरस म्हणजे पाण्यात विरघळणारा?"

"हो, आम्ही तसाच वापरतो." ती थांबली. "माझ्यावर संशय आहे ना सगळ्यांचा? असणारच. देवदूत खाली काढू द्या, कीड लागलीय, असं मी ट्रस्टला तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा नाही म्हणाले. मागच्या महिन्यात चिडून बोलले मी, की एक दिवस परवानगी न घेताच काढीन. ते लिहून ठेवलंय त्यांनी."

"काढलात?"

"नाही."

"ही पुडकी आज उघडलीत?"

"आज तपासणी ना. सकाळपासून कागदपत्रंच शोधतेय मी."

हे त्या ओळीकडे बराच वेळ बघत उभे राहिले. मग काही न बोलता बाहेर आले. मला ह्यांची ती गप्प बसण्याची तऱ्हा ठाऊक आहे. दुकानात एका नवरदेवाच्या शेल्याला मुंडावळ्यांचा रंग लागला होता तेव्हाही असेच गप्प होते, कारण चूक कुणाची ते त्यांना कळलं होतं.

३

काकूंनी आम्हाला मागच्या अंगणात बसवलं. घर जायची वेळ आली होती, पण आलेल्या माणसाला चहा विचारायचं ती माऊली विसरली नाही. चहा काकांनी ओतला. कपाच्या कडेला आतून बोटाचं टोक धरून, चहा बोटाला लागेपर्यंत.

"भाजेल हो काका," मी म्हटलं.

"सवय आहे," ते हसले. मग आवाजाच्या रोखानं माझ्याकडे वळले. "ताई, माझ्या हयातीत या चर्चमधलं मेणबत्तीचं बूडसुद्धा हरवलं नाही. देवदूतांना मी कोणाला हात लावू देत नाही. दर शुक्रवारी शिडी लावून स्वतः धूळ काढतो."

"आणि सकाळी तुम्ही कुठे असता?" ह्यांनी विचारलं.

"सहाला धक्क्यावर. पिण्याच्या पाण्याचे कॅन घेऊन पहिली होडी येते ना. तासभर जातो तिथे. तेवढा वेळ जुडगा खुंटीला असतो, ओझं उचलताना कमरेत रुततो."

काकू कप विसळायच्या थांबल्या. मग पुन्हा विसळू लागल्या.

अंगणात दोरीवर कपडे वाळत होते. पांढऱ्या चादरी इतक्या नेटक्या की ह्यांच्या तोंडून कौतुकाचा हुंकार निघाला. चादरींच्या मागे, कोणाला चटकन दिसू नये असं, एक फडकं होतं. त्यावर धुऊन निम्मा फिकटलेला तांबूस डाग.

"नळाला गंज आहे," काकू घाईघाईनं म्हणाल्या. "त्याचा डाग. जातच नाही मेला."

ह्यांनी फडकं बोटांत धरलं, परत दोरीवर सारखं केलं. "लिंबू लावून बघा," एवढंच म्हणाले.

मी चाट पडले. डागावर पाऊण तास व्याख्यान न देता हा माणूस पुढे गेला, असं आमच्या लग्नात घडलेलं नाही! अंगणाबाहेर येताच मी त्यांचा हात धरला. त्यांच्या अंगठ्यावर कणभर काहीतरी चमकत होतं. त्यांनी ते रुमालाला पुसलं.

"अहो, काय आहे ते?"

"मला वाटतंय ते खोटं ठरलं तर बरं होईल," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पडला होता.

दीड वाजता तपासणीच्या बाईंनी सगळ्यांना वेदीसमोर बोलावलं. त्यांचं ठरलं होतं. "परवानगी न घेता देवदूत काढीन, असं या मुलीनं म्हटल्याची नोंद आहे. किल्ल्या काकांच्या निष्काळजीपणानं तिच्या हाती लागल्या. पोलीस आधी तिला ताब्यात घेतील."

मुलगी पांढरीफटक पडली. "मी नाही हो घेतला. आई शप्पथ."

तेवढ्यात काका पुढे आले. कमरेचा जुडगा सोडून त्यांनी वेदीच्या पायरीवर ठेवला.

"पोरीला सोडा, बाई. देवदूत मी घेतला. विकायचा होता, मग भीती वाटली. पोत्यात घातला आणि मागच्या पायऱ्यांवरून समुद्रात टाकला."

"कुठला देवदूत?" ह्यांनी मध्येच विचारलं.

"कुठला म्हणजे? मशालवाला."

 आम्ही सगळे एकदमच वर बघत होतो. मशालवाला देवदूत काकांच्या बरोबर डोक्यावर, होता तसाच उभा होता.

४

"काका," हे अगदी हळू म्हणाले, "वर बघा. काय दिसतंय?"

काकांनी मान वर केली. पण नजर देवदूतापासून हातभर बाजूला, खांबावरच्या नुसत्या वेलीवर होती.  

"सकाळपासून सगळे 'देवदूत गेला, देवदूत गेला' म्हणतायत," हे बाईंकडे वळले. "कुठला ते काकांसमोर कोणी बोललं नाही. ज्याला डोळे आहेत त्याला सांगायची गरजच नव्हती. बाई, ज्या माणसाला देवदूत दिसत नाही, तो चोरून नेणार कसा?"

"मग कबूल का करतोय?"

"ते शेवटी सांगतो. आधी देवदूत बघू."

हे आम्हाला वेदीमागच्या खोलीत घेऊन गेले आणि पुडक्यांच्या ओळीतलं ते चादरीचं गाठोडं त्यांनी टेबलावर ठेवलं. गाठ सोडली. आत तुतारीवाला होता.

पण त्याची दशा बघवेना. फुगवलेल्या गालावरचं आणि पोटावरचं सोनं गेलं होतं. खालची तांबडी माती उघडी पडली होती, कडेला पांढरा खडू दिसत होता. गुडघा खरचटलेल्या पोरासारखा दिसत होता तो.

"बघा!" बाईंनी मुलीचा दंड पकडला. "हिच्याच खोलीत!"

"तिनं ठेवला असता तर कागदात बांधून चिठ्ठी लावली असती, बाकीच्यांसारखी," हे म्हणाले. "ही चादर बघा. धुतलेली, इस्त्रीची, आठ पदरी घडीच्या रेघा अजून आहेत. अशी नेटकी चादर या बेटावर एकाच दोरीवर वाळते. आणि ही चोरी नाहीच. फरशीवर पाण्याचे थेंब आहेत, थेंबांना खडूची कड आहे. कोणीतरी ओल्या फडक्यानं देवदूत पुसला. सरसावर बसवलेलं सोनं ते, पाणी लागताच हातात आलं. पुसणारा माणूस घाबरला. पण घाबरून समुद्रात टाकला नाही, कुठे लपवला नाही. आजाऱ्याला दवाखान्यात आणावं तसा, दुरुस्तीच्या रांगेत आणून ठेवला. आपल्या घरातली सगळ्यांत चांगली चादर गुंडाळून. बाई, असं चोर करत नाही."

"म्हणजे कोण?"

ह्यांनी चादरीची कड सारखी केली. माझ्याकडे बघितलं. गंजाचा डाग साबणानं तसूभर हलत नाही आणि मातीचा निम्मा जातो, हे मलाही ठाऊक आहे; आणि दोरीवरच्या फडक्यावरचा डाग निम्मा गेलेला होता. छत्तीस वर्षं गल्ल्यावर मी बसले होते. मी दाराकडे वळून पाहिलं.

काकू दारात उभ्या होत्या.

"मी पुसला," त्या म्हणाल्या.

५

"तू गप्प बस!" काका ओरडले. "तिला काही कळत नाही. मी केलंय सगळं."

"सकाळी पायरीवर बादली राहिली होती माझी. ती तुम्ही उचलून ठेवलीत ना? म्हणून खोटं बोललात." काकू आत आल्या आणि बाईंसमोर उभ्या राहिल्या. "ह्यांची नजर दोन वर्षांपूर्वी गेली. पूर्ण नाही, पण वरचं काही दिसत नाही. दर शुक्रवारी ते शिडी चढतात, ब्रश फिरवतात आणि उतरतात. धूळ तिथल्या तिथे. मग शनिवारी ते धक्क्यावर गेले की मी चढते. कोरड्या फडक्यानं पुसते. कधी काही झालं नाही. पण आज तुम्ही येणार, आणि त्याच्या गालावर मेणबत्तीची काजळी धरली होती. म्हटलं, ह्यांना बोल लागायला नको. साबणाचं पाणी घेतलं आणि..." त्यांनी हाताचे तळवे बघितले. "सोनं हातालाच आलं हो."

काका मटकन स्टुलावर बसले.

"अगं, पाणी लावायचं नसतं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, नुसतं कळवळणं होतं. "पहिल्या दिवशी मला सांगितलं होतं. पाणी नाही, फडकं नाही, नुसता मऊ ब्रश. मला एकदा विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर तुम्हाला कळलं असतं ना."

"काय कळलं असतं?"

"की मी चढते. की तुमच्या हातून नीट होत नाही आता."

 माझे डोळे भरून आले होते आणि हे चष्मा पुसत होते, चष्म्याला काही झालेलं नसताना.

"दोन वर्षं," काका स्वतःशीच म्हणाले. "आणि मी समजत होतो, हवेतली धूळच कमी झालीय."

गाइडला हसू आलं, त्यानं तोंडावर हात धरला. मग काकाच हसले आणि हसता हसता रडू लागले. काकूंनी त्यांचं डोकं पोटाशी धरलं.

वर्खवालीनं तुतारीवाल्याला उलटंसुलटं करून पाहिलं. "महिनाभराचं काम आहे," ती म्हणाली. "नवं सोनं जुन्याशेजारी वेगळं दिसेल, ते मात्र मला लपवता येणार नाही. आणि पाठीत कीड आहेच, मी म्हटलं होतं तशी."

बाईंनी फाइल उघडली आणि पेन हातात धरून नुसत्याच उभ्या राहिल्या. "मी अहवालात खरंच लिहिणार," त्या म्हणाल्या. "नुकसान झालंय, ते लिहावं लागेल. या मुलीनं तीनदा परवानगी मागितली होती, तेही लिहीन. पण ज्याला दिसत नाही त्या माणसाला मी उद्यापासून शिडीवर चढू देऊ शकत नाही, काका. नोकरी राखणदाराची आहे. राखणदार नाही तर खोल्याही नाहीत. नियम मी केलेला नाही."

काका उठले. बायकोचा हात धरून त्यांनी तिला पुढे केलं.

"राखणदार आहे की," ते म्हणाले. "दोन वर्षं फुकट काम करतेय. तिला कोणी शिकवलं नाही, एवढंच. तो दोष माझा. बाई, तिचं नाव लिहा."

"तुम्ही शिकवाल?"

"आत्ता."

बाईंनी काकूंकडे पाहिलं. मग फाइलमध्ये काहीतरी खोडून वर नवीन लिहिलं, फोन काढला आणि पोलिसांच्या लाँचला परत फिरायला सांगितलं.

आमची लाँच चारला होती. निघण्यापूर्वी मी आत डोकावले. उजव्या खांबाला शिडी लावलेली होती. काकू वर, हातात मऊ ब्रश. काका खाली, दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून.

"दाबू नकोस. फुंकर घातल्यासारखं फिरव," ते सांगत होते. "मशालीच्या खाली खाच आहे, तिथे धूळ बसते."

"दिसतेय मला."

"बरं." ते जरा थांबले. मग मान वर न करताच म्हणाले, "मग मलाही सांग. काय काय दिसतंय ते."

काकू ब्रश थांबवून क्षणभर खाली बघत राहिल्या. आणि मग मशालीच्या टोकापासून त्यांनी एकेक सांगायला सुरुवात केली.